मळ्यातल्या समाध्या आणि सोळाशे मीटर

शुक्रवार

यंदा मधल्याचा स्मृतिदिन रविवारी आला म्हणून मला आणि भावाला दोघांनाही सुट्टीची कटकट न करता जाता आलं. मधला म्हणजे माझा मामेभाऊ, मामाच्या तीन मुलांमधला मधला. घरात सगळे त्याला मधलाच म्हणायचे आणि अजूनही म्हणतात. खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलात होता, काश्मीरकडं पोस्टिंगला असताना हिमस्खलनात गेला. तेवीस वर्षांचा होता. त्याची समाधी कवठेमहांकाळ तालुक्यात मामाच्या मळ्यात आहे. आमच्या लिंगायतांत जाळत नाहीत, पुरतात, आणि त्या बाजूला बऱ्याच घरांच्या समाध्या आपापल्या रानातच असतात.

पुण्यातून निघायला तीन वाजले, कारण आईने ऐनवेळी मामीसाठी घेतलेली साडी बदलून आणायचं काढलं. खंबाटकीत ट्रकांच्या मागे मागे गाडी, वाईच्या अलीकडून पुढं ऊसाचे ट्रॅक्टर, दोन दोन ट्रॉल्या आणि मागे लाल दिवा म्हणून काही नाही. भाऊ शिव्या घालत होता आणि आई त्याला "मधल्याच्या कामाला निघालोय, तोंड नीट ठेव" म्हणत होती. साताऱ्यात आईच्या मावसबहिणीकडे मुक्काम. मावशीचे मिस्टर मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून रिटायर झालेत, आम्ही त्यांना काका म्हणतो. काका एरवी फारसं बोलत नाहीत, पण जेवण झाल्यावर बडीशेप खात त्यांनी स्वतःहून विषय काढला.

म्हणाले, तुमचा पोरगा घरी तरी आला. आधी असं नव्हतं. १९६५ला, १९७१ला जे गेले त्यातल्या बहुतेकांचे अंत्यसंस्कार तिकडंच व्हायचे, पलटणीतलेच सोबती करायचे, घरी तार यायची आणि मागनं अस्थी आल्या तर आल्या. १९९९ला कारगिलच्या वेळेला पार्थिव घरोघर पोचवायचं सुरू झालं तेव्हा गावागावानं ते पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. आई म्हणाली, म्हणजे त्या आधीच्या आयांनी काहीच पाहिलं नाही? काका म्हणाले, ट्रंक पाहिली. काळी ट्रंक यायची, तिच्यात कपडे, पत्रं, दाढीचं सामान. तेवढीच.

मग उद्या सकाळी अपशिंग्याला जाऊन मग पुढं जा, मी येतो दाखवायला, असं त्यांनीच ठरवून टाकलं. कंदी पेढे आम्ही जातानाच घेणार होतो, ते राहिले एका बाजूला.

शनिवार

अपशिंगे (मिलिटरी). गावाच्या नावातच मिलिटरी आहे आणि ते कागदोपत्री आहे. हायवेनं कराडकडे जाताना नागठाण्याच्या बाजूला आत वळायचं. मला वाटलं होतं गावात शिरल्या शिरल्या तोफ वगैरे असेल, पण चारचौघांसारखं गाव आहे, दूध संस्था, पारावर म्हातारे, कोंबड्या. फरक एवढाच की पारावरचा म्हातारा ताठ बसलेला असतो आणि त्याच्या पायात बूट असतात. काकांना बघून दोघांनी उठून रामराम केला आणि लगेच कुठली पलटण, कुठल्या साली भरती, कोण सीओ म्हणजे पलटणीचे मुख्य साहेब होते याची चौकशी सुरू झाली. आम्ही उभेच.

पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जण कामी आले. त्यांच्यासाठी इंग्रजांनी गावात स्मारक उभारलं. आता ४६ हा आकडा नुसता वाचला तर काही होत नाही, पण गावातल्या गल्ल्या मोजत फिरलं की कळतं केवढं गाव आणि त्यातनं केवढे गेले. त्या वेळच्या मराठा पलटणी मुख्यतः मेसोपोटेमियात म्हणजे आजच्या इराकमध्ये लढत होत्या. कूत नावाच्या गावात डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ वेढ्यात अडकलेली जी डिव्हिजन होती तिचं नावच सहावी पूना डिव्हिजन, त्यात तीन मराठा पलटणी. शेवटी खायला घोडे मारायची पाळी आली, आपल्या शिपायांनी बरेच दिवस ते मांस तोंडात घातलं नाही, आणि २९ एप्रिल १९१६ला सुमारे १३ हजार माणसं शरण गेली. त्यातली कितीतरी कैदेत चालता चालता मेली. बसऱ्याला एक स्मारक आहे, ज्यांची कबर नाही अशा ४० हजारांहून जास्त लोकांच्या आठवणीचं. हे सगळं काका सांगत होते आणि मध्ये मध्ये पारावरचे आजोबा दुरुस्त्या करत होते.

आईने एका बाईला विचारलं, तुमच्यातलं कोण होतं का त्यात. ती म्हणाली, सासऱ्यांचा चुलता. मग, त्यांचं काय करता तुम्ही, म्हणजे दिवस वगैरे? तर म्हणाली, "दिवस कुठला धरायचा, कुणाला ठाव कवा गेला. पितरपाटात सर्वपित्रीला घालतो की घास." आणि आत चहा ठेवायला गेली. आम्हाला पुढं उशीर होत होता, पण चहा न घेता निघायची टाप नव्हती.

काकांना हायवेवर एसटीत बसवून दिलं आणि आम्ही कराडला प्रीतिसंगमावर थोडं थांबलो. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात ती जागा, तिथं यशवंतराव चव्हाणांची समाधी. आईच्या पिढीला चव्हाण म्हटलं की हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला हे पाठ आहे, १९६२च्या चीन युद्धानंतर ते संरक्षणमंत्री झाले. मला आठवलं ते वेगळंच, साताऱ्याची सैनिक स्कूल १९६१ साली सुरू झाली, देशातली पहिली, तेव्हा हेच मुख्यमंत्री. मधल्याला सहावीत असताना त्या शाळेच्या परीक्षेला बसवलं होतं आणि गणितात गेला. मग म्हणाला, हापिसर होणार नाही, शिपाई होतो. घरात हा किस्सा इतका सांगून झालाय की त्यातलं खरं किती आणि मामाने वाढवलेलं किती हे आता कुणालाच सांगता येत नाही.

भेळ खाल्ली. बागेत पोरं रील काढत होती. निघालो.

मिरजेत रेल्वे पुलाखाली ट्रॅफिक, त्याबद्दल न लिहिलेलंच बरं. मिरज सोडून पंढरपूर रस्त्याला लागलं की पंधरा-वीस मिनिटांत जमीन बदलते. ऊस संपतो, काळी माती पांढरी व्हायला लागते, डावीकडे दंडोबाचा डोंगर दिसतो आणि मग द्राक्षबागा. आमच्या लहानपणी इथं बाभळी आणि कुसळं होती, आजोळी गेलं की टँकरची वाट बघत बसायचं हाच उन्हाळ्याचा कार्यक्रम. म्हैसाळ योजनेनं कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं वर उचलून आणलं तेव्हापासून बागा वाढल्या. मधल्यानं हे पाणी मळ्यात आलेलं पाहिलं नाही. तो भरतीला पळाला त्याचं निम्मं कारण तेच होतं, रानात काही पिकत नव्हतं. देशभक्ती होतीच, नव्हती असं मी म्हणणार नाही, पण भाषणात नुसतं तेवढंच सांगतात तेव्हा मला आतून चिडायला होतं.

पोचलो तेव्हा अंधार पडलेला. मामा ओट्यावर कंदील नसताना कंदील धरल्यासारखा हात वर करून उभा. "अक्का, लई येळ लावलासा गं." आई खाली उतरून दोघं एकमेकांचे हात धरून बराच वेळ उभे राहिले, मग मामीने आतून हाक मारली की भाकऱ्या गार व्हायल्यात. शेंगाची चटणी, भरलं वांगं, शाळूच्या भाकरी, दही. थोरला जेवायला आला, धाकटा आला नाही. का ते लगेच कळलं नाही.

रविवार

पहाटे साडेपाचला धाकट्यानं शिट्टी वाजवून उठवलं. खरी शिट्टी, पीटीच्या सरांची असते तसली.

स्मृतिदिनाला इथं पळायची शर्यत असते. सोळाशे मीटर, कारण भरतीला तेवढंच पळावं लागतं, साडेपाच मिनिटांच्या आत आलं तर पूर्ण मार्क. मधला गेल्यावर पहिल्या वर्षी गावातल्या लोकांनी व्याख्यान ठेवलं होतं, पाहुणे दोन तास उशिरा आले आणि मधल्याचं नावही चुकीचं घेतलं. मामाने दुसऱ्या वर्षी जाहीर केलं की मला भाषण नको, पोरं पळवा. तेव्हापासून कॅनॉलच्या कडेच्या मुरमाच्या रस्त्यावर चुन्याने रेघ मारतात, टेपनं मोजून. यंदा आजूबाजूच्या वाड्यांवरची साठेक पोरं आणि दहा-बारा पोरी होत्या. बहुतेक कुठल्या ना कुठल्या भरती अकॅडमीतली, एकाच रंगाचे टीशर्ट, काही अनवाणी. २०२२पासून अग्निवीर आलंय, चार वर्षं आणि त्यातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंत पुढं कायम, बाकीचे परत. पोरं त्यावर आपसात वाद घालत होती, एक म्हणत होता चार वर्षांत निदान बोअर मारायचे पैसे होतील, दुसरा म्हणत होता लग्नाला पोरगी कोण देणार. थंडी अशी होती की तोंडातून वाफ येत होती.

मामा बहात्तर वर्षांचा आहे, मफलर बांधून स्टॉपवॉच घेऊन रेघेवर. मोबाइलमध्ये टायमर आहे सांगून उपयोग नाही, त्याला बटणाचंच लागतं. पहिला आलेला पोरगा पाच मिनिटं एकवीस सेकंद. मामाने त्याला जवळ घेतलं नाही की काही नाही, फक्त म्हणाला, "शेवटच्या दोनशेत हात सोडलास. हात हलव." पोरगा हो आजोबा म्हणून वाकून उभा, धापा टाकत.

मामी रस्त्याच्या कडेला बसलेली, पुढ्यात घमेल्यात गूळ-शेंगदाणे आणि पातेल्यात गरम दूध. प्रत्येक पोराला पेला हातात देताना एकच विचारते, "किती भाव हैसा?" कुणी तिघं म्हणतं, कुणी दोघं, तर ती पुढे सरकवते. एक बारीक पोरगा म्हणाला, एकटाच हाय आज्जी. मामीने त्याचा पेला परत भरला आणि म्हणाली, "मग तू तलाठ्याची परीक्षा दे की." सगळे हसले. ती हसली नाही. पोराने दूध पिऊन पुढच्या हीटचे नंबर बघायला पळ काढला. दरवर्षी ती हे विचारते, असं थोरल्याच्या बायकोने मला कानात सांगितलं, आणि तरी दूध गरम करायला पहाटे चारला सगळ्यांच्या आधी तीच उठते.

नऊला आम्ही मळ्यात गेलो. समाध्या मळ्याच्या वरच्या अंगाला, कडुलिंबाखाली. पणजोबा-पणजीपासूनच्या, दगडी चौथरा आणि वर छोटा नंदी, काहींवर नुसता दगड. मधल्याची सगळ्यांत नवी, काळ्या ग्रॅनाइटची, त्यावर सॅपर्सची खूण कोरलेली. ओळीत त्याच्या डावीकडे आजोबा आहेत. मामाने स्वतःसाठी ठेवलेली जागा आजोबांच्या शेजारची होती, ती मधल्याला द्यावी लागली. आता मामाची जागा खालच्या बाजूला आहे, ती तो काठीने दाखवतो, पाहुण्यांना घराची खोली दाखवावी इतक्या सहज.

स्वामी आले होते, मठातले, तेच ज्यांनी त्या दिवशी सगळं केलं. तेव्हा मी इथे होते. आमच्यात माणसाला बसवून पुरतात, खड्ड्याच्या एका अंगाला कोनाडा काढतात, त्यात मांडी घालून बसवायचं, डाव्या तळहातावर त्याचं इष्टलिंग, म्हणजे जन्मभर गळ्यात घातलेलं छोटं लिंग, ठेवायचं, भस्म, बेलाची पानं, मीठ. गावकऱ्यांनी तसा खड्डा आदल्या दिवशीच काढून ठेवलेला. पण मधला पेटीतून आला, तोही चौथ्या दिवशी, बर्फातून काढलेला. सोबत आलेल्या सुभेदारसाहेबांनी मामाला बाजूला घेऊन सांगितलं की बसवता येणार नाही. मामा ते ऐकून स्वामींकडे बघत राहिला. भावकीतले एक-दोघं कुरकुरायला लागले, झोपवून कसं चालेल, आजवर घरात कुणाला झोपवलेलं नाही. तिकडे बाहेर फौजेची तुकडी रायफली घेऊन उन्हात उभी, तालुक्यातनं आलेली गर्दी, माइक, घोषणा. स्वामी खड्ड्याच्या काठावर उतरले, कोनाड्यात हात घालून बघितलं आणि म्हणाले, "निजलेलं लेकरू हाय, निजू दे. लांबी वाढवा." मग चार माणसांनी पंधरा-वीस मिनिटांत खड्डा लांब केला. तुकडी तोवर तशीच उभी. सुभेदारसाहेबांनी एका शब्दानं घाई केली नाही, हे मामा आजही सांगतो.

अजून एक झालं होतं. आमच्यातले एक म्हातारे बाबा हट्टाला पेटले की तिरंगा त्याच्या अंगावरच राहू द्या, त्यानं कमावलाय. तेव्हा सुभेदारसाहेबांनी समजावलं की झेंडा मातीत जात नाही आणि अग्नीतही जात नाही, तसा नियम आहे, तो घरी राहतो. पेटीवर केशरी पट्टा डोक्याकडं होता. त्यांनी घडी घातली आणि मामाच्या हातात दिली. मग शोकशस्त्र म्हणजे रायफली उलट्या धरून मानवंदना, बिगुल, हवेत तीन फैरी, आणि फैरींच्या आवाजाने कडुलिंबावरची सगळी पाखरं उडाली ती संध्याकाळपर्यंत परत आली नाहीत, असं आई सांगते, मला पाखरांचं काही आठवत नाही. मला आठवतं ते लिंग. गळ्यातलं इष्टलिंग तो बनियनच्या आत घालायचा, ते त्याच्याबरोबरच सापडलं होतं. सुभेदारसाहेबांनी ते पांढऱ्या रुमालात बांधून वरच्या खिशात जपून आणलेलं. ते मराठवाड्यातले मुसलमान होते, स्वामींच्या हातात देताना त्यांनी आधी पायातले बूट काढले. त्यांना असं करायला कुणी सांगितलं नव्हतं.

यंदाची पूजा अर्ध्या तासात झाली. पाणी, भस्म, बेल, फुलं. मामीने हुग्गीचा नैवेद्य ठेवला, गव्हाची, भरपूर गूळ घातलेली, त्याला आवडायची म्हणून. शर्यतीतला पहिला पोरगा आणि तो एकटाच हाय म्हणालेला बारीक पोरगा, दोघंही आले होते पाया पडायला. मग सगळे तिथेच बसून जेवले, समाध्यांच्या मध्ये पत्रावळ्या मांडून. बाहेरच्यांना ते विचित्र वाटतं, माझ्या नवऱ्याला पहिल्यांदा घास गिळेना. आमच्या लहानपणी मात्र आम्ही आजीच्या चौथऱ्यावर बसूनच चिंचा खायचो, तेव्हा मधलाही असायचा, आणि चिंचोके नंदीच्या समोर रांगेत मांडायचा.

जेवणं झाल्यावर धाकटा काल का आला नाही ते कळलं.

दिवाळीत वाटणी झाली. वरचं रान थोरल्याला, खालचं धाकट्याला, आणि तीन गुंठ्यांचा समाध्यांचा तुकडा नेमका दोघांच्या मध्ये. सातबाऱ्यावर तो पोटखराबा म्हणून लागलेला, म्हणजे कुणालाच त्यातून काही मिळायचं नाही. भांडण वेगळंच आहे. थोरल्याला बागेत फवारणीचा ट्रॅक्टर न्यायला समाध्यांच्या खालून वाट पाहिजे, फळछाटणीपासून फवारण्या सुरू झाल्या की दिवसाआड ट्रॅक्टर फिरतो, आणि त्या वाटेने गेला तर मामाने स्वतःसाठी राखलेली जागा जाते. धाकट्याला सगळ्या बाजूंनी भिंत घालून वर पत्र्याचं शेड करायचंय, शर्यतीच्या दिवशी लोकांना सावली होईल म्हणतो. थोरला म्हणतो भिंत घातली की तुझा भाग झाला, उद्या तुझी पोरं म्हणतील आमची जागा. दोघंही बरोबर आहेत हे सगळ्यात वाईट.

मामा बराच वेळ ऐकत होता. मग म्हणाला, भिंत नको. शेड नको. सावलीला झाड हाय. वाट दे त्याला, मी आजोबाच्या डोसक्याकडं पडतो, तितं दोन हात जागा हाय. धाकटा म्हणाला, तितं मुळी आहेत बाबा, खणता यायचं नाही. मामा म्हणाला, "मग खड्डा तू आत्ताच काढून ठेव, नंतर घाई नको." आई एकदम रडायला लागली आणि मामी तिला म्हणाली, अक्का रडू नगा, हे रोजचंच हाय ह्यांचं.

शेवटी जे ठरलं ते असं, तीन गुंठे तिघांच्या नावावर सामाईक ठेवायचे. तिघांच्या म्हणजे थोरला, धाकटा आणि मामी. वारस म्हणून मधल्याची पेन्शन तिला येते आणि शर्यतीचा खर्च ती त्यातूनच करते, मग जागेत तिचं नाव पाहिजे, हे थोरल्याच्या बायकोने काढलं. इतक्या वेळ भांडी घासत होती आणि तिथूनच बोलली. कुणालाच तोडता आलं नाही.

सोमवार

सकाळी थोरल्याच्या बेदाण्याच्या शेडवर गेलो. हंगाम नुकताच सुरू झालाय, जाळीच्या रॅकवर हिरव्या मण्यांचे थर, द्राक्षं तेलात आणि कार्बोनेटच्या पाण्यात बुडवून पसरलेली, पंधरा दिवसांत बेदाणा. धाकटाही तिथेच होता, रॅक झटकत. कालचं भांडण झालंच नाही अशा थाटात दोघं तासगावच्या सौद्यात दर काय निघेल याचा हिशोब करत होते. आम्हाला पाच किलोचा डबा बांधून दिला, पैसे घेतले नाहीत, आईने मग ते मामीच्या उशीखाली ठेवले.

परतताना तासगावातून आलो. गणपतीचं दर्शन, ते गोपुर बघून प्रत्येक वेळी वाटतं आपण कर्नाटकात आलो. पुढं पलूस, कराड, आणि साताऱ्यात राहिलेले कंदी पेढे. रस्त्यात मामाचा फोन आला, मोजणीचा अर्ज भरायचाय, त्याला आधारकार्डाची झेरॉक्स लागते आणि मामीचं आधार सापडत नाहीये, तुझ्या मोबाइलमध्ये फोटो आहे का बघ. होता, मागच्या वर्षी पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी काढलेला. पेट्रोल पंपावर गाडी थांबवून पाठवला. मामा म्हणाला, पोचला, आणि तुझ्या पोराला सांग, पुढल्या वर्षी पळायला ये, नुसतं हुग्गी खायला नको.